पॉइंट सहाचे काका

आमच्या मजल्यावरच्या काकांना मी आजवर कशालाही "वा!" म्हणताना ऐकलेलं नाही. मुलगा बोर्डात आला तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे." वरच्या टाकीचं पाणी झिरपून कपाटातल्या पुस्तकांचा लगदा झाला तेव्हा म्हणाले, "हं." याच्या वर नाही, खाली नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष काकूंनी यावर रडून काढलं म्हणतात. आता पुरणपोळीला "ठीक आहे" आलं की त्या दुसरी वाढतात.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर आपण लोकांचे कान वाचवले, असं त्यांचं म्हणणं. जुन्या फोनच्या रिसीव्हरमध्ये, कानाशी येणाऱ्या चकतीच्या दोन टोकांवर दोन डायोड एकमेकांना उलटे जोडलेले असत. साध्या बोलण्याला त्यांचा उपद्रव नाही. लाइनवर कुठून कडाका आला, की तेवढ्यापुरता डायोड उघडायचा आणि कडाका कानाऐवजी डायोडातून जायचा.

"सिलिकॉनचा डायोड पॉइंट सहा व्होल्टपर्यंत ढिम्म बसतो," काका सांगतात. "मग दार उघडतो. एक वरच्या अंगाला बघतो, एक खालच्या." हे सांगताना ते आरशात बघत नाहीत, एवढंच.

घरातही तेच. रिले दिसला की कॉइलवर उलटा डायोड, अडॅप्टर दिसला की पुढे ५.१ व्होल्टचा झीनर. मात्र आधी रेझिस्टर! जादा व्होल्टेज कुठंतरी पडायला नको? रेझिस्टरशिवाय झीनर लावणं म्हणजे, त्यांच्या शब्दांत, पानशेत फुटल्यावर उंबऱ्यात पायपुसणं टाकणं.

अशा घरात पुतण्या शिकायला आला, गिटार घेऊन. एका रविवारी त्याच्या खोलीतून असा आवाज आला, की काका हातातला चहा ठेवून टूलकिट घेऊनच धावले.

"अँप फाटलाय तुझा. बंद कर आधी."

"फाटला नाही काका. मुद्दाम फाडलाय."

काका बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पायानं दाबायचा तो हिरवा डबा उचलला आणि चार स्क्रू काढले. १९७९ मध्ये जपानात ट्यूब स्क्रीमर नावाचं पेडल निघालं, त्याची ही नक्कल. आत एक ऑप-अँप, थोडे रेझिस्टर, कपॅसिटर. आणि मधोमध दोन डायोड. एकमेकांना उलटे.

"म्हणजे फाटू नये म्हणून आम्ही जे लावलं," काका म्हणाले, "ते तुम्ही फाटावं म्हणून लावता."

"पैसे देऊन," काकू आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका तपकीर गल्लीतून ४१४८ नंबरचे दहा डायोड घेऊन आले. त्यातले दोन त्यांनी सरळ गिटारच्या वायरवर टाकले. पुतण्यानं तार छेडली. आवाज जसाच्या तसा, सोवळ्यातला. पिकअपमधून व्होल्टच्या एक-दोन दशांशाएवढाच सिग्नल येत होता. तो पॉइंट सहाच्या दारापर्यंत पोचेल कशाला? पुतण्या हसला. काका म्हणाले, "हं." मग मृत रेडिओच्या पोटातून जर्मेनियमचे डायोड निघाले, ते पॉइंट तीनच्या आसपास उघडतात. जोरात छेडल्यावर किंचित खरखर. शेवटी काका नऊ व्होल्टची बॅटरी आणि ऑप-अँप घेऊन बसले: आधी सिग्नल वाढवायचा, मग छाटायचा. (मराठी नाट्यसंमेलनांच्या भाषणांना हे कुणी लावील तर बरं.)

जुन्या ऑसिलोस्कोपवर मी ते पाहिलं. सुळका चढत चढत गेला आणि माथ्यावर एकदम पाचगणीचं टेबललँड. खाली दरीचंही तसंच. डब्यातल्या नकलेत मात्र कडा गोलसर होत्या. तिथे डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये बसवलेले; ते उघडले की अँपचा गेनच उतरतो, माथा कापला जाण्याऐवजी दबतो. हा फरक काकांनी मला चाळीस मिनिटं समजावला. काकूंनी तेवढ्यात भाजी निवडून, चिरून, फोडणीला टाकली.

रात्री अकराला काकांना काय सुचलं कोण जाणे. त्यांनी एका बाजूच्या डायोडाला मालिकेत आणखी एक जोडला. आता वर सव्वा व्होल्टच्या आसपास कापलं जाणार, खाली पॉइंट सहालाच. दोन्हीकडं सारखं छाटलं की मूळ सुराच्या तिप्पट, पाचपट असे विषम सूरच मिसळतात. असं वाकडं छाटलं की दुप्पट, चौपटही येतात, आवाज भरतो.

पुतण्यानं वाजवलं. एकदा, मग पुन्हा. "काका, लई भारी! विकतच्यापेक्षा भारी!"

काकांनी सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं, चष्मा पुसला.

"ठीक आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "ठीक आहे."

काकूंनी स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली. दोनदा कधी ऐकलं नव्हतं त्यांनी.