जुन्या यॉर्कातली नवी कटकट

इंग्लंडात अनोळखी माणसाशी बोलायचं तर हवेवर बोलावं, असं मला इतक्या जणांनी बजावलं होतं की विमानात मी ढगांवरची दोन-चार वाक्यं पाठ करून टाकली. ती न वापरता परत आणली. यॉर्कमध्ये ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या निवृत्त मास्तरांना हवेशी काही देणंघेणं नव्हतं. पाऊस पडत होता, तो पडायचाच. त्यांचा राग होता अमेरिकेवर.

यॉर्कला मला धाडलं ते लीड्सच्या भाचीनं. 'मामा, लंडन काय, सगळेच बघतात,' असं म्हणून तिनं परस्पर खोली ठरवूनही टाकली. पुढे काय वाढून ठेवलंय याची चुणूक मला तिच्याच घरात मिळायला हवी होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा मला इंग्रजी मुळाक्षरं म्हणून दाखवत होता, आणि शेवटी 'एक्स, वाय, झी' म्हणून थांबला. 'झेड म्हण, झेड!' भाची स्वयंपाकघरातून ओरडली. 'झी' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळची मालिका येते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटेना. पण नाशिकच्या शाळेत शिकलेली बाई लीड्समध्ये उभी राहून ब्रिटिश मुळाक्षरांची राखण करते आहे, आणि लीड्समध्येच जन्मलेलं पोर यूट्यूब बघून अमेरिकन होतं आहे, हे बघून मला राणीच्या राज्यातलं एखादं पेन्शन तिला लावून द्यावंसं वाटलं.

मास्तरांनी उभी हयात मुलांना लॅटिन शिकवलं. आता ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देतात, सकाळची न्याहारी धरून. मी टेबलाशी बसेपर्यंत मास्तर तापलेले होते.

'काल कॉफीच्या दुकानात माझ्यापुढच्या मुलानं काय म्हटलं असेल? "कॅन आय गेट अ लाते?" गेट! म्हणजे काउंटरवरून उडी मारून, यंत्र चालवून, हा स्वतःच घेणार आहे का? "मे आय हॅव" म्हण. "प्लीज" म्हण. तुझ्या जिभेला काय झालंय?'

मी पुण्याचा. तक्रारीतला कस मला कळतो. नवशिका माणूस नुसता चिडतो. मुरलेला माणूस चिडताना व्याकरण सोडत नाही. मास्तर मुरलेले होते. मी खुर्ची पुढे ओढली, आणि त्यांनाही बहुधा बऱ्याच दिवसांनी दर्दी श्रोता मिळाला असावा. रेल्वे स्टेशनाला हल्ली 'ट्रेन स्टेशन' म्हणतात. कसा आहेस असं विचारलं की 'आय अ‍ॅम गुड' म्हणतात. ('मी तब्येत विचारली होती. तू सज्जन आहेस की नाही ते देव बघेल.') टीव्हीवरच्या 'सीरीज'चा 'सीझन' झाला. शाळा संपवणारी पोरं 'प्रॉम'ला जातात, आणि तीही भाड्याच्या लांबलचक लिमोझिनमधून.

'आणि ब्लॅक फ्रायडे!' मास्तरांनी सुरी खाली ठेवली.

हा अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार. ब्रिटनमध्ये थँक्सगिव्हिंग हा सणच नाही. पण सण नसला म्हणून दुसऱ्या दिवशीचा सेल कशाला सोडा, असा व्यापारी विचार झाला. २०१४ साली तर स्वस्तातल्या टीव्हीसाठी लोक एकमेकांवर तुटून पडले आणि कितीतरी दुकानांत पोलीस बोलवावे लागले. मारामारीचं मास्तरांना फारसं काही नव्हतं. फुटबॉलच्या देशात आयुष्य गेलेलं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. 'लोकांनी रांग मोडली,' ते खालच्या आवाजात म्हणाले. 'ब्रिटिश लोकांनी.'

हे दुखणं एकट्या मास्तरांचं नाही. २०११ साली बीबीसीनं वाचकांना नकोशा वाटणाऱ्या अमेरिकन शब्दप्रयोगांची विचारणा केली, तेव्हा पत्रांचा असा लोंढा आला की त्यातले निवडक पन्नास छापावे लागले. १९९५ मध्ये चार्ल्स, तेव्हाचे युवराज, ब्रिटिश कौन्सिलच्या कार्यक्रमात अमेरिकन इंग्रजीमुळे भाषा नासते अशा अर्थाचं बोलून गेले होते. त्याच्याही आधी, १८३२ साली, कवी कोलरिजनं 'टॅलेंटेड' या शब्दावर तोंडसुख घेतलं होतं आणि असली पैदास अमेरिकेतूनच येते असं ठणकावलं होतं. आज तोच शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकात वाचून इंग्रज आईबापांना धन्य वाटतं. मास्तरांनीही तो आयुष्यभर शेरा म्हणून वापरला असणार. मी विचारलं नाही. त्यांच्या घरचं मीठ खात होतो.

विचारायचं काम बाई करत होत्या. मास्तरांनी माझ्या तिसऱ्या टोस्टला 'ओके?' म्हटलं तेव्हा त्या पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या, 'बॉस्टन. १८३९.' 'ओके' हे अक्षरांचं कडबोळं त्या साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात थट्टेनं छापून आलं आणि जगभर पसरलं, हे त्यांना पाठ होतं. तारखेवरून वाटलं, हा वार त्या रोज करत असाव्यात.

ताटात जी न्याहारी होती तिला 'फुल इंग्लिश' म्हणतात: अंडी, बेकन, सॉसेज, टोमॅटो आणि टोमॅटोच्या गोडसर रश्शातला घेवडा. हा डब्यातला घेवडा म्हणजे इंग्रज माणसाचा राष्ट्रीय ठेवा. तो हाइन्झचा. हाइन्झ पिट्सबर्गचा, आणि १८८६ मध्ये त्यानं आपला माल लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या उंची दुकानात पहिल्यांदा विकला. घेवडाही मूळ अमेरिका खंडातला, टोमॅटोही. इंग्लिश न्याहारीतून अमेरिका काढून टाकली तर उरतं ते डुकराचं मांस आणि अंडी; आणि अंड्याचंही काही खरं नाही, ते पुढे येईलच.

माझ्यावर मात्र मास्तरांचा जीव जडला. मी 'लिफ्ट' म्हणतो, 'पेट्रोल' म्हणतो, तळमजल्याला पहिला मजला म्हणत नाही, याची त्यांनी मनातल्या मनात नोंद केली होती. गाडीत छत्री ठेवताना मी सहज म्हणालो की आमच्याकडे गाडीच्या मागच्या कप्प्याला 'डिकी' म्हणतात. मास्तर जागीच थांबले. 'डिकी!' जुन्या मोटारींच्या मागे उघडून बसायची एक जादा बैठक असे, तिचं हे नाव. त्यांच्या आजोबांच्या तोंडी होतं. ज्या शब्दाला इंग्लंडनं मोडीत काढलं तो पुण्यात रोज भाजीच्या पिशव्या वाहतो आहे, हे ऐकून त्यांनी माझा हात दाबला. पूर्वीच्या साम्राज्यात निदान एका कोपऱ्यात तरी माल नीट सांभाळलाय, असा त्या दाबण्याचा अर्थ होता.

मग मास्तर मला गाव दाखवायला निघाले. यॉर्कमध्ये रस्त्याला 'गेट' म्हणतात, वेशीला 'बार' म्हणतात, आणि दारू प्यायची तर पबमध्ये जावं लागतं. एका चिमुकल्या रस्त्याचं नाव व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट. पाटी रस्त्यापेक्षा लांब आहे की काय असं वाटतं. रस्त्याला 'गेट' कुणी केलं? व्हायकिंगांनी. ८६६ साली त्यांनी हे गाव जिंकलं, त्याचं 'योर्विक' केलं, आणि जाताना आपले शब्द मागे ठेवले. खिडकीचा 'विंडो', सुरीचा 'नाइफ', आभाळाचा 'स्काय', नवऱ्याचा 'हजबंड', सगळे त्यांचे. 'दे' आणि 'देम'सुद्धा. आणि सकाळी आम्ही खाल्लेलं 'एग' हेही! अस्सल इंग्रजी अंड्याचा शब्द निराळाच होता, तो या परक्या अंड्यापुढे फुटला.

आता या व्हायकिंगांनी इथे जाळपोळ केली, कत्तली केल्या. 'कॅन आय गेट' न म्हणता सरळ घेतलं. पण गाव त्यांच्यावर खूश आहे. कॉपरगेटवर उत्खनन झालं त्या जागी १९८४ पासून त्यांचं संग्रहालय आहे. छोट्या गाड्यांत बसवून तुम्हाला त्यांच्या वस्तीतून फिरवतात, तिथला वासही मुद्दाम सोडतात. एका बँकेच्या जागेत १९७२ मध्ये सापडलेली एका व्हायकिंगाची विष्ठा तिथे काचेच्या पेटीत आहे, चांगली वीतभर लांब. तिच्यासमोर शाळेची पोरं रांगेत उभी होती. मोडलेली नाही, सरळ रांग. मास्तर त्या पेटीकडे बघून कौतुकानं म्हणाले, 'जगात इतका अखंड नमुना क्वचितच मिळतो.' मला वाटतं अमेरिकनांचं चुकलं ते एवढंच, की ते हजार वर्षं उशिरा आले. आक्रमण पुरेसं जुनं असेल तर त्याला तिकीट लावता येतं. कालचं असेल तर संपादकाला पत्र लिहावं लागतं.

'आणि न्यू यॉर्क?' मी खडा टाकून पाहिला.

'ती आमचीच चूक,' मास्तर म्हणाले. १६६४ मध्ये इंग्रजांनी ते गाव डचांकडून घेतलं आणि राजाच्या भावाचं, ड्यूक ऑफ यॉर्कचं, नाव दिलं. 'न्यू अ‍ॅमस्टरडॅमच राहू द्यायला हवं होतं. आज डच लोक वैतागले असते.'

ऑक्टोबर संपत आला होता. शॅम्बल्स या वाकड्या जुन्या गल्लीतल्या दुकानांत भोपळे, हाडांचे सापळे आणि नारिंगी कोळिष्टकं लटकत होती. ही जखम निराळी. हॅलोवीन मुळात आयर्लंड-स्कॉटलंडचं. तिथली पोरं सोंगं घेऊन दारोदार जायची, भोपळ्याऐवजी सलगम कोरायची. लोक अमेरिकेला गेले, सोबत सण गेला, आणि तिकडून भोपळा होऊन परत आला. पण यॉर्कचा स्वतःचा सण पाच दिवसांनी येतो, ५ नोव्हेंबरला. १६०५ साली पार्लमेंट उडवू पाहणाऱ्या गाय फॉक्सचा पुतळा त्या दिवशी जाळतात, आणि फॉक्स होता यॉर्कचा. १५७० चा जन्म, मिन्स्टर कॅथेड्रलला लागून असलेल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा. त्याची शाळा, सेंट पीटर्स, अजून चालू आहे आणि तिथे मात्र पुतळा जाळत नाहीत. माजी विद्यार्थ्याला जाळणं बरं दिसत नाही. पूर्वी पोरं चिंध्यांचा पुतळा गाड्यावर घालून 'गायसाठी एक पेनी' मागत फिरायची. आता त्यांना चॉकलेटं हवीत, ती एकतीस तारखेलाच मिळतात. 'देशी देशद्रोही असताना,' मास्तर कळवळून म्हणाले, 'परदेशी भूत कशाला?'

पावसानं आम्हाला एका चहाच्या दुकानात ढकललं. टेबलाशी आलेली मुलगी हसून म्हणाली, 'हाय, यू गाइज!' मास्तरांनी डोळे मिटले. बहात्तर वर्षांचे आपण, आणि 'गाइज'.

पण गंमत अशी की तो 'गाय' हा तोच गाय. फॉक्सच्या चिंध्यांच्या पुतळ्याला 'गाय' म्हणू लागले, मग गबाळ्या माणसाला, आणि अमेरिकेत पोचेपर्यंत कुठल्याही माणसाला. हे मला बाईंनी सकाळी भांडी आवरताना सांगून ठेवलं होतं, योग्य वेळी वापरा म्हणून. मी वापरलं. मास्तरांनी बराच वेळ किटलीच्या झाकणाकडे पाहिलं. 'म्हणजे त्या पोरीनं आपल्याला यॉर्कचे गावकरी म्हटलं,' ते शेवटी म्हणाले. लॅटिन शिकवलेल्या माणसाला पळवाट सापडतेच.

शेजारच्या टेबलावर ओहायोची आजी बसली होती. पाऊस 'गॉटन' झालाय असं काहीतरी ती बोलली आणि मास्तर पुन्हा शहारले. 'गॉटन' तर तुमच्याच पूर्वजांचं, असं मी कुजबुजलो. 'आम्ही ते टाकून दिलं होतं,' ते कुजबुजले. 'टाकलेलं उचलू नये, एवढं कळायला हवं.' मग ते तिच्याकडे वळले आणि इतक्या अदबीनं बोलले की बाईंनी ऐकलं असतं तर पेपर खाली ठेवला असता. कुठून आलात, मिन्स्टर पाहिलंत का, दूध आधी घालता की नंतर. आजी खूश झाली, आणि खूश झाल्यावर तिनंही आपलं दुःख काढलं.

तिची नात चार वर्षांची. दिवसभर 'पेपा पिग' बघते, ते ब्रिटिश डुकरांचं कार्टून. आता ती आईला 'मम्मी' म्हणते. 'कुकी' दिली तर 'बिस्किट' मागते. 'टोमेटो' सोडून 'टोमाटो' म्हणते, आणि तेही असल्या ठसक्यात की आजोबांनी टीव्ही बंद करायची धमकी दिली. 'आमच्या घरात, ओहायोत!' आजी म्हणाली. 'तुम्हीच सांगा, हे असं चालू द्यायचं का?'

मास्तरांनी कप बशीत नीट ठेवला.

'मॅडम,' ते म्हणाले, 'मूल हुशार आहे. त्याला अडवू नका.'