होऊ घातलेल्यास

चि. होऊ घातलेल्यास अनेक आशीर्वाद.

मुलगा की मुलगी हे विचारत नाही. १९९४ चा कायदा आहे, आणि हे सदर वकिलांच्या घरीही जातं. पत्र तुझ्यापर्यंत पोचेल का, ही शंका मनात आणू नकोस. अभिमन्यूला आईच्या पोटातच चक्रव्यूहात शिरायचं ऐकू गेलं होतं. त्याला फक्त बाहेर पडायचं कळलं नाही. तुझाही सगळा प्रश्न बाहेर पडण्याचाच आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी आनंदाची बातमी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात राज्याचं मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे ३३ होतं, देशाचं ९७. तेव्हा आपल्या पुढे एकटं केरळ होतं. म्हणजे मंत्र्यांच्या भाषणात तुझा जन्म सुखरूप झालेलाच आहे. सरासरी ही मोठी मायाळू बाई. पुण्याच्या ताटातलं उचलते आणि भामरागडच्या पानात वाढल्याचं कागदावर दाखवते. शंभरातल्या उरलेल्या पाचांचे पत्ते मात्र साधारण ठरलेले असतात, तेवढे टाळ.

पत्ता निवडायची मुभा असेल तर पुणं घे किंवा मुंबई घे, आणि त्यातही वडिलांच्या कंपनीचा मेडिक्लेम नीट बघून घे. तिथे कधी यायचं याची काळजी तुला नाही. गुरुजी व्हॉट्सॲपवर मुहूर्त पाठवतात : गुरुवार, पुष्य नक्षत्र, ११.४२ ते १२.१८. भूलतज्ज्ञांना फोन जातो. ते म्हणतात, त्या छत्तीस मिनिटांत माझ्याकडे आधीच दोन पुष्य नक्षत्रं आहेत. पुन्हा गुरुजींना फोन, पुन्हा पंचांग, आणि शेवटी पुढच्या अमृत चौघडियावर तडजोड. हे सगळं चालू असताना स्वतःहून यायची घाई करू नकोस, पॅकेज बिघडतं. डिलक्स पॅकेजात आईला खाटेशेजारी सोफा, बाबांना वायफाय आणि डिंकाच्या लाडवाऐवजी क्विनोआची खीर आहे. आजी ती खीर बघून गप्प बसते. नात की नातू याची उत्सुकता तिला गप्प बसवते.

त्याच पाहणीनुसार देशभरातल्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळं सिझेरियनने येतात, सरकारी दवाखान्यांत १४.३. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के पुरेत असं म्हटलं होतं, पण त्या लोकांना पुष्य नक्षत्राची कल्पना नसावी.

आता समज, पत्त्याचा घोटाळा झाला आणि तू गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात निघालास, तेही ऑगस्टमध्ये. तिथे मुहूर्त नदी काढते. पर्लकोटा पुलावर चढली की तालुक्याचा संपर्क तुटतो, हे आम्ही दर पावसाळ्यात पेपरात छापतो. मजकूर तयार असतो, तारीख बदलतो. आतल्या पाड्यांना तर नदी लागतच नाही, एक नाला पुरतो. कळा सुरू झाल्या की बांबू तोडतात, त्याला घोंगडी बांधतात आणि आईला झोळीत घालून चौघे निघतात. आशाताई मोबाइलचा उजेड पायाखाली धरून पुढे असते. फोनला रेंज नाही, पण बॅटरी आहे, आणि ती वाचवायची की उजेड पाडायचा हा निर्णय तिने एकटीने घ्यायचा असतो. १०८ ची गाडी नाल्याच्या पलीकडे उभी. सरकारने गाडी पाठवली नाही असं कुणी म्हणू नये.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचलास की जिंकलास असं समजू नकोस. अडलास तर सिझेरियन लागेल. तुझ्या पुण्याच्या भावंडांना जे न मागता मिळतं, ते इथे गरज असताना शोधावं लागतं. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असेल तर भूलतज्ज्ञ रजेवर. दोघं असतील तर रक्त नाही. मग 'रेफर'. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून पुन्हा नागपूर. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त आणि येण्याजाण्याची गाडी, सगळं फुकट आहे, २०११ च्या योजनेप्रमाणे. एवढ्या लांबचा प्रवास फुकट कोण घडवतं?

सरकारने यावर तोडगाही काढला आहे, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. दिवस भरत आले की आईने आधीच येऊन दवाखान्याजवळच्या माहेरघरात राहायचं, जेवायची सोय तिथेच. चांगली कल्पना. अडचण एवढीच, की ऑगस्टात रोवणी असते, घरी दोन लेकरं आणि शेरडं असतात, आणि माहेरघर रोवणी करून देत नाही.

तिसरा पत्ता फिरता आहे. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला कोयता निघतो. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक, आणि तू पोटात असलास तरी एकच. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे तोड थांबत नाही. आईचं कार्ड गावच्या उपकेंद्रात, आई कारखान्याच्या फडात. तिथल्या आशाताईच्या वहीत ती नाही, इकडच्या वहीत ती आहे पण गावात नाही. कळा सुरू होईपर्यंत ती मोळ्या वाहते. तू पाचटाच्या खोपीत आलास, तर मुकादम पेढे मागणार नाही, खाडा धरेल. जन्माला आल्या आल्या आईच्या हिशेबात वजाबाकी करणारा तू पहिला नाहीस, मनाला लावून घेऊ नकोस.

ता. क. : जन्माची नोंद २१ दिवसांत करून घे. २०२३ च्या दुरुस्तीपासून शाळेपासून मतदार यादीपर्यंत सगळीकडे तोच दाखला चालतो. वाटेतच आलास तर घाबरू नकोस, त्यालाही नियम आहे : धावत्या वाहनात जन्म झाल्यास वाहनाच्या प्रभारी व्यक्तीने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी खबर द्यावी. झोळी हे वाहन आहे का, आणि चार खांदेकऱ्यांपैकी प्रभारी कोण, एवढं नियमात सापडलं नाही. पुढच्या डाव्या बाजूला तुझा मामा असेल तर त्याचंच नाव सांग, आणि त्याला म्हणावं, आधारची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेव, नाल्याला पाणी असतं.