रंकाळा सगळ्यांचा, पगार पुण्याचा

पुण्यात राहणारा कोल्हापूरकर ओळखायचा कसा? पाच मिनिटं बोलत ठेवा. सहाव्या मिनिटाला तो रंकाळा तळ्यावर येतो, सातव्या मिनिटाला ‘परत जायचंय राव’ म्हणतो. आणि महिन्याच्या एक तारखेला पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता भरतो.

त्याला हसू नका. तो खरं बोलतोय.

तळ्याकाठच्या मध्यम शहरात राहणं ही आजच्या महाराष्ट्रातली सर्वांत दुर्मीळ चैन आहे. पंचतारांकित हॉटेलांचा इथे संबंध नाही. इथे माणसाला संध्याकाळ मिळते, एवढंच. पण ती पुण्या-मुंबईत कितीही पैसे मोजून विकत मिळत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला वर्कशॉपवाला सहाला शटर ओढतो. घरी जातो, हातावरचं ऑइल धुतो, चहा घेतो आणि सातच्या आत बायको-पोरांसह रंकाळ्यावर असतो. हिंजवडीतला त्याचा भाऊ तेव्हा वाकडच्या सिग्नलला असतो. दोघांचे पगार विचारा, भाऊ पुढे. बाबा घरी कधी येतात, हे दोघांच्या पोरांना विचारा.

मग पुढे कोण?

2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आत होतं. 66.82 चौरस किलोमीटरचं गाव. शाळा, दवाखाना, मंडई, बँक, देऊळ, तालीम, सगळं दुचाकीच्या टप्प्यात. महापालिका 1972 साली झाली आणि हद्द पुढची पन्नास वर्षं जागची हलली नाही. हद्दवाढीसाठी मोर्चे निघाले, हद्दवाढीविरुद्धही निघाले. हद्द तिथेच राहिली.

शहर मात्र थांबलं नाही. कळंबा, पाचगाव, उचगाव, उजळाईवाडी, सगळीकडे इमारती उभ्या राहिल्या. पालिकेच्या कागदावर ही गावं, प्रत्यक्षात शहरच. घरात टाइल्स शहरी, भाडं शहरी, अपेक्षाही शहरी. ड्रेनेज तेवढं ग्रामपंचायतीचं.

आणि पाणी हद्द विचारून वाहत नाही.

एकदा टॉवरच्या बाजूने रंकाळ्यावर या. दगडी कठड्यावर पाय सोडून बसलेली कॉलेजची पोरं. भेळेच्या गाडीवर पातेल्यात चुरमुरे ढवळले जातायत, चमचा कडेवर आपटला की समजायचं, एक पुडा तयार झाला. काठाने झपाझप चालणारे निवृत्त मास्तर. त्यांच्या मागे गुडघा धरून चालणारे जुने पैलवान. पलीकडे शालिनी पॅलेस, अलीकडे पाणी उतरलं की अंग दाखवणारा संध्यामठ. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, कुणी ‘मेंबर आहात का’ विचारत नाही. लाखाची गाडी आणि हातगाडी शेजारी शेजारी उभी असते.

मग वारा फिरतो. आणि सगळे रुमाल काढतात.

तळ्याचं हिरवं पाणी पाहून पाहुणे ‘वा’ म्हणतात. ती हिरवाई शेवाळाची आहे. घराघरांतलं सांडपाणी नाल्यांतून तळ्यात येतं, त्यातून शेवाळाला खत मिळतं, शेवाळ फुगतं, मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. मासे वर येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. तिसऱ्या दिवशी पाहणी होते. चौथ्या दिवशी आपण भेळ खायला जातो.

राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेतून रंकाळ्यासाठी पैसा आला. दुधाळीला सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. नाले अडवून तिकडे वळवायची कामंही झाली. तरी शाम सोसायटीच्या नाल्याचं नाव बातमीत पुन्हा पुन्हा का येतं? काठावर दिवे लावणं सोपं असतं, जमिनीखालचे पाइप जोडणं अवघड. दिव्यांचं उद्घाटन होतं. पाइपांचं कुणी करत नाही.

रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट प्रत्येक कोल्हापुरी पोराला आजीने सांगितलेली असते. नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो, तांदळाभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला पोहोचेल त्या दिवशी प्रलय. नंदी निदान मागे तरी येतो. नाला कधी मागे आल्याचं ऐकलंय?

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, ‘स्वित्झर्लंडमधली तळी बघा.’ बघाच. पण 1960 च्या सुमारास तीही शेवाळाने आणि सांडपाण्याने भरली होती, काही ठिकाणी पोहायला बंदी होती. मग त्यांनी गावोगाव प्रक्रिया केंद्रं उभारली, घरं गटारांना जोडली आणि 1986 साली कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंदी घातली. आज झुरिचचा नोकरदार ऑफिस सुटलं की तळ्यात उडी मारतो. तो निसर्गाचा प्रसाद नाही, गटारजोडणीचा आहे.

आपण काय केलं? तळी बुजवली.

वरुणतीर्थावर गांधी मैदान झालं. कपिलतीर्थाची मंडई झाली. रावणेश्वर तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा फुटबॉल सामना रंगतो, तेव्हा हजारो माणसं एका तळ्याच्या छाताडावर बसून ओरडत असतात. मैदान हवं होतं, मंडई हवी होती, मान्य. पण पाऊस जोराचा झाला की पाणी आपली जुनी जागा शोधत येतं आणि आपण म्हणतो, ‘यंदा इथं कसं काय तुंबलं?’

इथंच तर ते राहायचं!

पुराचंही तेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली, महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला, पेट्रोल-दुधाला गाव महाग झालं. 2021 मध्ये पुन्हा तेच. दोन पुरांच्या मध्ये आपण काय केलं? पूररेषेवर वाद घातला आणि पूररेषेत भराव टाकला.

आता कामाचं बोलू. कारण तळ्याकडे बघून पोट भरत नाही.

कोल्हापुरात काम नाही, हे पुण्यात बसून म्हणायला ठीक आहे. उद्यमनगरात या. तुटका पार्ट कागदात गुंडाळून आणा. कारागीर तो बोटांत फिरवून बघतो, व्हर्नियर लावतो, खडूने फरशीवर दोन मापं लिहितो आणि म्हणतो, ‘परवा या.’ ड्रॉइंग मागत नाही, ॲडव्हान्सची घाई करत नाही. परवा पार्ट तयार असतो आणि बसतोही. जुन्या काळच्या कारागीर म्हादबा मेस्त्रींपासून चालत आलेलं हे डोकं आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांत ओतलेलं लोखंड देशभरातल्या गाड्यांच्या पोटात आहे. ज्या गाडीत बसून तुम्ही पुण्याला जाता, तिच्यातही असेल.

मग पोरगं पुण्याला का जातं? कारण त्याने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं. शिवाजी विद्यापीठ 1962 पासून आहे, परिसरात इंजिनिअरिंग कॉलेजांची रांग आहे, दर वर्षी पोरं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि बाहेर म्हणजे थेट शहराबाहेर. शेंडा पार्कात आयटी पार्क होणार, हे ऐकत एक पिढी पदवीधर झाली, नोकरीला लागली, लग्न करून बसली. कुठे? पुण्यात.

2020 च्या लॉकडाउनमध्ये सगळी परत आली होती, आठवतंय? लॅपटॉप माडीवर, आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी रंकाळ्याला फेरी. पगार पुण्याचा, पाणी पंचगंगेचं. काम बिघडलं का? नाही. तरी ऑफिसं उघडली आणि फर्मान आलं, हजर व्हा. पोरं पुन्हा बसमध्ये बसली. काम इथून होतं, हे त्या दिवसांत सिद्ध झालं होतं. पटलं नाही ते फक्त साहेबाला.

फाउंड्रीवाल्यांचं दुखणं वेगळं. वीजदर वाढले की ‘कर्नाटकात जातो’ हा इशारा येतो. तासाभरावर सीमा आहे, त्यामुळे तो पोकळ नसतो. आणि हेही सांगून टाकतो, भट्टीवर शिफ्ट करणाऱ्या कामगाराला मी वर वर्णन केलेली संध्याकाळ मिळत नाही. तो लाल लोखंडासमोर घाम गाळतो, तेव्हा बाकीचे काठावर हवा खातात. मध्यम शहराचं सुख सांगताना आपण नेहमी शटर ओढणाऱ्याचं सांगतो. शटरच्या आतल्याचं कोण सांगणार?

तांबडा-पांढरा, मिसळ, दूधकट्टा यांवर पुष्कळ लिहून झालंय. पुढे चला.

या गावाला भांडता येत नाही का? भांडण्यात या गावाचा हात कोण धरेल! शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध सगळं शहर रस्त्यावर आलं, 2015 च्या अखेरीस सरकारला टोल रद्द करावा लागला. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघाले, 2023 च्या दिवाळीत पाणी शहरात आलं. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त किल्ला लढवला, ऑगस्ट 2025 मध्ये भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयात सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली. सिंधुदुर्गातला शेतकरी, सोलापूरचा कामगार आता कोल्हापूरला तारखेला येतो.

हे शहर मनावर घेतं तेव्हा मिळवतं. हे मी अभिमानाने लिहितोय.

आता विचार करा. पाणी शहरात आणण्यासाठी आपण दशकानुदशकं भांडलो. वापरलेलं पाणी शहरातून नीट बाहेर जावं, यासाठी बिंदू चौकात कधी तसा मोर्चा बघितलात? थोडी पर्यावरणवाली मंडळी कोर्टात गेली, निवेदनं देत राहिली, नमुने बाटलीत भरून टेबलावर ठेवत राहिली. त्यांच्या मागे गाव उभं राहिलं का? टोलच्या मागे राहिलं तसं?

टोल खिशातून जात होता. नाला दुसऱ्याच्या दारातून जातो.

आणि तो तिथेच थांबत नाही. कोल्हापूरच्या नाल्यांचं पाणी पंचगंगेत जातं, पंचगंगा इचलकरंजीला जाते. 2012 साली तिथे काविळीची साथ आली, माणसं दगावली. गावं नदीच्या कडेने एकाखाली एक असतात. आपण हात धुतो त्या पाण्याने खालचा चूळ भरतो. ज्या शहराला आपल्या तळ्याचा एवढा अभिमान आहे, त्याने खालच्या गावाच्या नळाचीही थोडी लाज बाळगायला नको?

‘लेक व्ह्यू’ फ्लॅटची जाहिरात करणाऱ्यांनो, गिऱ्हाइकाला गॅलरीतून तळं दाखवता ते ठीक. संडासाचा पाइप कुठे जातो, तेही दाखवा. आणि गिऱ्हाइकांनो, तुम्ही विचारा. फरशीचा रंग तीनदा बदलून घेणाऱ्या माणसाला एवढा एक प्रश्न जड जाऊ नये.

पुणेकर कोल्हापूरकरांनाही एक सांगणं आहे. वर्षातून दोनदा येऊन कठड्यावर फोटो काढता, ‘आपलं गाव ते आपलं गाव’ असं लिहिता. तुमच्यातले काही आज कंपन्यांत मोठ्या खुर्चीवर आहेत, माणसं घेणं-न घेणं तुमच्या सहीवर आहे. मग वीस-पंचवीस माणसांचं एक ऑफिस ताराबाई पार्कात किंवा राजारामपुरीत का निघत नाही? भाडं कमी, माणसं शिकलेली, उजळाईवाडीला विमानतळ, पुण्याला वंदे भारत. पंचवीस पोरं परत आली तर पंचवीस घरांतल्या वरच्या खोल्या उघडतील.

गावावर प्रेम आहे ना? मग जागा भाड्याने घ्या.

राहिला पालिकेचा प्रश्न. नोव्हेंबर 2020 नंतर पाच वर्षं कोल्हापूरला नगरसेवकच नव्हते. प्रशासक होते. कुणाला धरायचं, हेच लोकांना कळत नव्हतं. ती सबब संपली. आता प्रभागात नगरसेवक आहे, त्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे, तालमीच्या दारात तो रोज भेटतो. पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट नंतर मागा. आधी विचारा, ‘आमच्या गल्लीतलं सांडपाणी नेमकं कुठं जातं?’ उत्तर दुधाळीच्या किंवा कसबा बावड्याच्या केंद्राचं आलं तर नकाशा दाखवायला सांगा. ‘बघून सांगतो’ असं आलं तर त्याला गाडीवर मागे बसवा आणि तुमच्या गटारीच्या कडेने पाणी जिथे पडतं तिथवर घेऊन जा.