भूत एक, खोल्या सतरा

आमच्या शेजारच्या काकांना सोसायटीत सगळे 'धारपकाका' म्हणतात. भयकथाकार नारायण धारप २००८ साली गेले. काकांच्या काखेतलं धारपांचं पुस्तक काही गेलं नाही. धारपांची 'लुचाई' कादंबरी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे असं कुणी म्हटलं, की काका म्हणतात, "असेल. पण मराठीत रक्त जास्त लाल दिसतं."

वाचायची जागा ठरलेली : जुहू चौपाटी, समोर पावभाजी. पुस्तकात मुंडकं धडावेगळं होत असताना काका शेवटच्या पावाने ताटली निपटून घेतात. वाचनालयात परत आलेल्या पुस्तकात नेमक्या त्याच पानावर अंगठ्याचा तांबडा ठसा असतो. पुढचा वाचक दचकतो, मग वास घेतो आणि त्याला भूक लागते.

काकांना रक्तपाताचं वेड आहे, असं मलाही वाटायचं. एकदा त्यांच्या पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. रक्ताच्या थारोळ्याखाली एकही रेघ नव्हती. रेघा होत्या त्या प्रशस्त दिवाणखाना, माडीवरच्या चार खोल्या आणि परसातली विहीर यांच्याखाली. समासात बेरीज : एकूण खोल्या सतरा.

काका वन रूम किचनमध्ये पाच माणसांत राहतात. सोसायटीजवळचा जुहू विमानतळ १९२८चा. विमानांपायी इथे इमारतींच्या उंचीवर बंधन, म्हणून आमचं रिडेव्हलपमेंट लटकलेलं. "सतरा खोल्या आणि भूत एक!" काका हळहळतात. "त्याला एक दिली तरी सोळा उरतात."

भिंतीतून रक्त झिरपतंय, तरी भयकथांतली मंडळी घर सोडून पळत का नाहीत? हा प्रश्न काकांना कधीच पडत नाही. "हप्ते चालू असणार. आणि झिरपण्याचं काय घेऊन बसलात? आमच्याकडे वरच्यांची मोरी झिरपते."

२०१८ मध्ये 'तुंबाड' चित्रपट आला. धारपांच्या 'आजी' कथेची प्रेरणा म्हणून काका हौसेने गेले. त्यातल्या हस्तर राक्षसाला पाहून थिएटर गारठलं. काका मात्र चिडून बाहेर आले. "एवढा वाडा पडलाय, आणि हा गडी मोहरांच्या मागे!"

आमची त्यांची भिंत एकच, त्यामुळे परवाचंही ऐकू आलं. मध्यरात्री वरच्या मजल्यावर पावलं वाजली. काकूंनी काकांना हलवलं.

"अहो, ऐकलंत का? वरचे तर कालच फ्लॅट सोडून गेलेत!"

काका ताडकन उठून बसले. आवाज थरथरत होता.

"कालच? अगं, मग भाडं किती म्हणतात, विचारलंस का?"