बंटी जिनिव्हाला जाऊन आला!

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा, भिंतीजवळ. बंटी आला परत. हो हो, तोच, कॉलेजच्या स्टडी टूरला गेला होता ना, जिनिव्हाला, आठ दिवस. पेढे आठवतात ना? जायच्या आधीच वाटले हो, पोरगा कुठे पहिला आल्यासारखे…

तर काय सांगत होते, काल त्यांच्याकडे भिशी होती. टीव्हीला मोबाइल जोडून फोटोंचा कार्यक्रम. ते सर्न हो, अणूच्या पोटात शिरतात ते! जमिनीखाली शंभर मीटर, 27 किलोमीटरचा गोल बोगदा. मी विचारलं, "अरे, मग उतरलास का खाली?" तर म्हणे, "नाही मावशी, मशीन चालू असलं की कोणालाच सोडत नाहीत." म्हणजे पाहिलं ते वरचं प्रदर्शन, 2023 मध्ये उघडलेलं. आणि नटराज! खरंच, नटराजाची मूर्ती आहे तिथे, आपल्या सरकारनेच 2004 मध्ये दिलेली. आजींनी तर टीव्हीलाच हात जोडले.

बंटी बिचारा रंगात आला होता. तिथले मॅग्नेट म्हणे उणे 271 डिग्रीला थंड ठेवतात. गाईड म्हणून तिथेच काम करणारी माणसं हौसेने फिरवतात, त्यांतल्या एका इंजिनिअरशी हा एकटाच कितीतरी वेळ बोलत उभा होता. डोळे नुसते चमकत होते हो त्याचे! तेवढ्यात आई म्हणते, "ते राहू दे रे, चॉकलेटच्या दुकानाचा फोटो दाखव."

हां, आणि त्याच्या वर्गातली ती मुलगी, तिचा तर व्हिसाच नाकारला. अर्ज करायच्या आदल्या आठवड्यात मामांनी खात्यात चार लाख टाकले. बॅलन्स दिसावा म्हणून! असे एकदम आलेले पैसे व्हिसावाल्यांना खुपतात म्हणे. 90 युरो फी गेली ती गेलीच, नकार आला तरी परत नाही. आई तिची अजून कोणाशी धड बोलत नाही…

अरे, मुख्य गोष्ट राहिलीच! समोरच्यांची धाकटी, एमएससी फिजिक्सवाली. गुपचूप चिवडा खात बसली होती. बंटीची आई सांगत होती, "एजंटने सगळं नीट लिहून दिलंय हो, सर्न एंट्री 9,000, लोकल ट्रान्सपोर्ट 6,000." तर ही पोरगी मान वर करून म्हणते, "काकू, सर्नला तर तिकीटच नसतं. फुकट असतं."

शांतता! चहाचा कप ओठांपर्यंत गेलेला, तिथेच थांबला.

बरं, गप्प बसावं ना तिने? नाही! "आणि जिनिव्हात हॉटेलात उतरलं की ट्राम-बसचा पासही फुकट मिळतो ना? 18 नंबरची ट्राम तर सर्नपर्यंत जाते." आणि आपला बंटी, भोळा सांब, "हो, तो पास होता ना! त्यावरच फिरलो आम्ही."

अहो, काय चेहरा झाला त्या माउलीचा! बंटीचे बाबा पेपरमागून म्हणाले, "टूरच्या पैशांवर टीसीएसचा कर कापलाय तो तरी रिटर्न भरल्यावर परत मिळेल." त्यावर तिने असं काही बघितलं त्यांच्याकडे की पेपर पुन्हा वर गेला.

मी म्हणते, पोरांनी जावं हो, जरूर जावं. बंटी तिथून काहीतरी घेऊन आलाय, ते दिसतंच. पण फुकटाचे 9,000?

आता उद्या चार पालक मिळून कॉलेजात जाणार आहेत. एजंट म्हणतोय, ते हँडलिंग चार्जेस होते. बंटीच्या आईला मी हळूच सांगितलं, "तो छापील कागद बरोबर ने, आणि आधी झेरॉक्स काढून घरी ठेव." तर म्हणते कशी, "काढली कालच. तीन."