खापरपणजोबा शोधताना घ्यावयाची काळजी

पूर्वजांचा शोध निवृत्तीनंतर घ्यावा. आधी पूर्वज कोण होता हे ठरवून टाकावे. पुरावे मागाहून जमवता येतात. तो पानिपतावर लढलेला असल्यास उत्तम. 1761 साली आपल्यातला एक जण तिथे होताच, असे घरोघरी सांगतात. भाऊसाहेबांना एवढी फौज खरोखर मिळाली असती, तर अब्दाली वाटेतूनच परतला असता. त्या लष्कराबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू बेसुमार होते असे इतिहास म्हणतो, पण त्यांचे वंशज अद्याप कुठे भेटलेले नाहीत.

मग आडनाव. शेवटी 'कर' असेल तर नकाशात गाव शोधावे. त्या गावी तुमच्या आडनावाचे एकही घर नसेल. खट्टू होऊ नये. गावातल्या गावात गावाच्या नावाने कोण कुणाला ओळखणार? वेस ओलांडली की माणूस त्या गावचा होतो. होळच्या मल्हाररावांचे तेच झाले. आडनाव हुद्द्यावरून आले असेल तर 'आमचे मूळ आडनाव वेगळेच' असे म्हणायची सोय असते, तिचा लाभ घ्यावा. नाना फडणवीस मूळचे भानू. तेव्हा तुम्हीही मूळचे कुणीतरी असणारच.

यानंतर नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर गाठावे. तुमचे शिक्षण, पगार, फ्लॅट यांत तीर्थोपाध्यायांना रस नसतो. आडनाव काय आणि मूळ गाव कोणते, एवढेच विचारतात. मग आतून बाड येते. शाई तपकिरी पडलेली, पानांच्या कडा बोटांनी काळवंडलेल्या. त्यात नशिबाने खापरपणजोबाच्याच हातची नोंद निघते: बाप, आजा, चुलते, भाऊ, मुलगे आणि येण्याचे कारण. ते कारण बहुधा आईच्या अस्थी हे असते. मोहीम वगैरे नाही. इथे डोळे पाणावतात. पाणावू द्यावेत, पण आटोपशीर, कारण दक्षिणेचा विषय निघायचा असतो. शेवटी पेन तुमच्या हाती येते आणि सख्ख्या भावाचे नाव लिहावेच लागते, वाड्याचा दावा दिवाणी न्यायालयात चालू असला तरी.

जुनी नोंद मोडीत असते, म्हणजे हात न उचलता, शब्द न तोडता, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा न करता लिहिलेली. शाळेत ज्यासाठी तुमचे गुण कापले, त्याला इथे परंपरा आहे. मोडीचा वर्ग लावावा. जाणकाराकडे जाणार असाल तर थांबायची तयारी ठेवावी. 2023 साली कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली आणि या मंडळींना एकदम भाव आला. साल फसली असेल तर त्यात 590 मिळवावेत, शके असेल तर 78. फसलीत मिळवायचे राहिले तर खापरपणजोबा थेट यादवांच्या काळात जातो. काही संशोधक मुद्दामच मिळवत नाहीत.

पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. वेळेवर सारा भरणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा पूर्वज तिथे सहसा सापडत नाही. बांधावरून हाणामारी केलेला, चुलतभावाने खोटा कागद केला म्हणून फिर्याद नेलेला मात्र पिढ्यांच्या हकिकतीसह सापडतो, कारण वतनावर हक्क सांगायचा तर वंशावळ मांडावी लागे. 1852 च्या इनाम कमिशनपुढेही हेच. घराण्यात भाऊबंदकी असणे संशोधनाला फार पोषक.

पणजीच्या वाटेला जाऊ नये. ती 'रखमा कोम बाळोजी' एवढ्यावर संपते. माहेर नाही, आडनाव नाही. तिचा पत्ता लागायला तिच्या भावाने कुणाशी तरी भांडलेले असावे लागते, आणि तो भाऊ कोण, हे तिच्या आडनावावाचून कळत नाही.

एवढे झाले की कुलवृत्तांत छापावा. आगाऊ पैसे न भरलेले नातेवाईक आपले नाव कोणत्या पानावर कसे चुकले ते कळवायला फोन करतील. धाकट्या शाखेचा फोटो आधी छापला म्हणून थोरली शाखा रुसेल. समजूत काढू नये. हरकत लेखीच द्या, असा आग्रह धरावा. पुढच्या संशोधकाला कागद लागतील.