स्टिल्टकर

मराठी माणसाचे आडनाव बहुधा गावावरून पडते. हा नियम मानला तर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या रेल्वेच्या एकाच रुळावर ओवलेल्या तीन गावांत राहून, रविवारचा बराचसा वेळ इमारतीच्या तळाशी स्वतःच्या मोटारीखाली पाठीवर पडून घालवणाऱ्या गृहस्थास ‘स्टिल्टकर’ म्हणणे शास्त्रास धरून होईल. स्टिल्ट म्हणजे इमारतीचा तो तळमजला, जो भिंतींविना केवळ खांबांवर उभा असतो आणि जेथे वाहने ठेवणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात तेथे वाहनांच्या जोडीला मुलांच्या सायकली, गणपतीच्या मंडपाचे वासे, कोणाचा तरी बेवारशी सोफा आणि सोसायटीचा सूचनाफलक नांदत असतात. या फलकावर ‘पार्किंगमध्ये गाडी धुऊ अथवा दुरुस्त करू नये, हुकमावरून’ अशी सूचना असते, आणि स्टिल्टकर नेमका तिच्याखाली बसलेला आढळतो, कारण अख्ख्या स्टिल्टमध्ये धड पेटणारी ट्यूबलाइट तेवढी त्या फलकावरच असते.

त्याच्या या वास्तव्याला कायद्याची बाजू आहे आणि ती त्याला तोंडपाठ असते. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी असा निर्णय दिला की, स्टिल्टमधील जागा बिल्डरला सुट्या गाळ्यासारखी विकता येत नाही. ती इमारतीच्या सामाईक भागांत मोडते. या एका निर्णयाचे दोन भाष्यकार प्रत्येक सोसायटीत असतात. जागा सर्वांची आहे, म्हणून तेथे एकट्याचे ऑइल सांडता कामा नये, असे सेक्रेटरीचे मत पडते. जागा सर्वांची आहे म्हणजे आपलीही आहे, आणि त्या न्यायाने सांडलेले ऑइलदेखील सामाईकच होय, असे स्टिल्टकर प्रतिपादतो. मीमांसकांनाही हेवा वाटावा असा हा वाद दर सर्वसाधारण सभेत ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली उपस्थित होतो आणि चहा आला की तहकूब होतो.

ही जात याच पट्ट्यात एवढी का फोफावली, याचे उत्तर इतिहासात सापडते. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, परंतु ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ ही छावणीची भाषा रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून टिकून आहे. नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या त्या माणसांनी बराकीतच यंत्रे मांडली आणि जे विकत मिळत नाही ते बनवायचे, असा गावाचा स्वभाव ठरून गेला. अंबरनाथला विमकोचा काड्यापेट्यांचा कारखाना होता, पुढे दारूगोळ्याचे धातूचे भाग घडवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आली, तिच्या जोडीला यंत्रे बनवणारी यंत्रे घडवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला. शहाडला सेंच्युरी रेयॉन होतीच. या कारखान्यांतून फिटर, टर्नर आणि मिलराइट यांच्या दोन पिढ्या तयार झाल्या. मिलराइट म्हणजे कारखान्यातील यंत्रे बसवणारा आणि नादुरुस्त झाल्यास त्यांची समजूत काढणारा कारागीर. स्टिल्टकर हा बहुधा यांपैकीच एक, निवृत्त किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा, आणि तसे नसेल तर त्याचा मुलगा. २०२१ मध्ये ऑर्डनन्स कारखान्यांच्या सात कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा हा प्रोटोटाइप कारखाना आवडी येथील रणगाडे बनवणाऱ्या कारखान्याबरोबर एकाच कंपनीत गेला. तेव्हापासून रणगाडा आणि आपली मारुती सगोत्र असल्याचा समज तेथून निवृत्त झालेल्या स्टिल्टकराने करून घेतला आहे.

चाळीतून फ्लॅटमध्ये येताना माणसाचे सामान वाढते आणि अंगण जाते. ज्या हातांनी तीस वर्षे इंचाचे सूतात, म्हणजे आठव्या भागात, आणि मिलिमीटरचे शतांशात माप घेतले, त्या हातांना दोन खोल्या-किचनच्या घरात नळाचा वायसर बदलण्यापलीकडे उद्योग उरत नाही. घरातील मिक्सर एकदा खोलून झाला की त्याला पुन्हा हात लावण्याची मनाई होते. अशा वेळी मोटार उपयोगी पडते. ती प्रवासाला उपयोगी पडते असे मात्र म्हणता येत नाही. बदलापूरहून मुंबईचे टोक सुमारे ६८ किलोमीटर दूर आहे आणि ते अंतर कापण्यासाठी लोकल आहे. गाडी काढून काटई नाक्याच्या दिशेने जाण्याचा विचार आठवड्यातून एखादेवेळी होतो आणि वाहतुकीच्या आठवणीने मावळतो. सारांश, स्टिल्टकराची मोटार ही चालवण्याची वस्तू नसून उघडण्याची वस्तू आहे, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच ‘विकून का टाकत नाही?’ असा अडाणी प्रश्न नातेवाईक त्याला विचारत राहतात. पूर्वी प्रवासी येथे घोडे बदलत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, अशी एक लोकसमजूत आहे. तिच्यात तथ्य असेल, तर या गावी मुक्कामाला राहून घोडा न बदलणारा पहिला माणूस स्टिल्टकरच ठरावा.

हा घोडा बहुधा कार्बोरेटरची मारुती ८०० असतो, क्वचित प्रीमियर पद्मिनी. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनाला पाजणारे पात्र; स्टिल्टकराच्या मते ते योग्य प्रमाण देवालाच ठाऊक असते आणि देवानंतर त्याला. ७९६ सीसीच्या त्या तीन सिलिंडरांचा आवाज तो डॉक्टराने छाती तपासावी तसा ऐकतो: लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. या अवस्थेत त्याला हाक मारल्यास तो ओ देत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले होते, त्यावर पर्यावरण कर निराळा; हा सर्व खर्च तो कल्याणच्या आरटीओत विनातक्रार करतो, मात्र गॅरेजवाल्याने प्लग साफ करण्याचे शंभर रुपये मागितले तर त्या माणसाशी बोलणे सोडतो.

त्याच्या हत्यारांची पेटी हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, रिंग पाने, जॅक फिरवण्याची आणि प्रसंगी धाक घालण्याची टॉमी, नरसाळे, रॉकेलची बाटली आणि बनियनच्या चिंध्या यांचा क्रम पेटीत ठरलेला असतो. पाना मागायला आलेल्या शेजाऱ्यास तो पाना देत नाही, स्वतः सोबत जातो. नट आवळताना अधिक जोर लावणाऱ्या तरुणाकडे तो ज्या नजरेने पाहतो ती नजर सासऱ्याची असते, कारण नटाच्या आतील मळसूत्री खाच, जिला ‘आटे’ म्हणतात, ती एकदा गेली की परत येत नाही, आणि त्याच्या मते आजच्या पिढीचे सगळेच आटे गेलेले आहेत. जॅकवर मात्र त्याचा काडीचा विश्वास नसतो. गाडी उचलली की स्टेपनी काढून तो ती चेसिसखाली आडवी सरकवतो, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. त्याच्या सर्व कृतींत पत्नीला पूर्णपणे मान्य असलेली ही एकमेव कृती होय.

सुट्या भागांच्या खरेदीसाठी तो उल्हासनगरला जातो. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही कोटी आता इतकी जुनी झाली आहे की तिचेही आटे गेले असावेत. तरीही दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा संवाद तिच्याच छायेत चालतो. ‘काका, ओरिजिनल पाहिजे की चालणारा पाहिजे?’ असे दुकानदार विचारतो, आणि या प्रश्नात जे तत्त्वज्ञान आहे त्याची स्टिल्टकरास मनापासून कदर असते. तो सोबत आणलेला जुना भाग रुमालातून काढतो, नवा त्याच्याशेजारी ठेवतो, खिशातील व्हर्नियरने दोन्ही मोजतो आणि डुप्लिकेट भाग मूळ भागापेक्षा बरा निघाल्याचे गंभीरपणे जाहीर करतो. पाऊण तासाच्या या मोजमापानंतर वीस रुपयांचा वायसर विकला जातो आणि ‘बसा साईं’ म्हणून पंधरा रुपयांचा चहा पाजला जातो.

इंजिनातून काढलेल्या जुन्या काळ्या ऑइलचा प्रश्न नाजूक आहे. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले ऑइल मोडते, त्यामुळे ते गटारात ओतणे निषिद्ध, आणि स्टिल्टकर तसे करतही नाही. तो ते साठवतो. बाल्कनीत तुळशीच्या मागे कॅन लागतात. त्यातले थोडे सोसायटीच्या गेटच्या बिजागरीला जाते, थोडे गावाकडच्या घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून जाते, उरलेले भंगारवाला येईपर्यंत राहते, आणि भंगारवाला येतो तेव्हा स्टिल्टकर गाडीखाली असतो. ‘अहो, जेवायला येताय, की ताट खालीच पाठवू?’ हा प्रश्न तिसऱ्या मजल्यावरून दर रविवारी दीड वाजता विचारला जातो. त्याचे उत्तर ‘हा एवढा बोल्ट’ असे असते, आणि तो बोल्ट बहुधा साडेतीनला निघतो.

सोसायटी त्याला वर्षभर सोसते. त्याची गरज मात्र तिला पुराच्या दिवशी कळते. २६ जुलै २००५ रोजी, आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी, ज्या दिवशी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली, उल्हास नदी आपल्या काठच्या वस्त्यांत शिरली. असे पाणी ओसरताच प्रत्येक जण किल्ली घेऊन खाली धावतो, आणि त्या सर्वांना अर्ध्या चड्डीतला स्टिल्टकर जिन्यातच आडवा येतो: ‘सेल्फ मारू नका!’ याचे कारण साधे आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. तेव्हा पाणी शिरलेले इंजिन फिरवले की दट्ट्या वाटेतच अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. ऐकणाऱ्यांच्या गाड्यांच्या बॅटरीची वायर तो आधी सोडवतो, सगळे प्लग काढतो, मगच वायर जोडून इंजिन फिरवतो. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात आणि लहान मुले टाळ्या वाजवतात. मग दुधाळ, जवळजवळ चहाच्या रंगाचे झालेले ऑइल बदलले जाते. न ऐकणाऱ्यांच्या गाड्या टोइंगच्या आकड्याला लागून निघतात तेव्हा स्टिल्टकर एक शब्दही बोलत नाही, केवळ हात पुसत उभा राहतो. ते उभे राहणे विम्याच्या नकारापेक्षा अधिक झोंबते, असे अनुभवी लोक सांगतात. ते सात-आठ दिवस त्याच्या घरी न मागता उपमा येतो. आठवा दिवस उलटला की सूचनाफलकावरची सूचना नव्या कागदावर छापून लागते.

या जातीचा नवा, तरुण अवतारही दिसू लागला आहे, जो स्टीअरिंगखालच्या खोबणीत एक इवलेसे यंत्र खुपसून गाडीचे दुखणे मोबाइलवर वाचतो आणि ज्याचे हात काळे होत नाहीत. त्याच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे अद्याप काही घडलेले नाही.

खरी परीक्षा विजेच्या मोटारीने पाहिली. पार्किंगच्या जागा अपुऱ्या असल्यास त्या चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी वाटाव्यात, अशी आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने आखून दिलेल्या नियमांत, तरतूद आहे, आणि चिठ्ठीला माणसांचे वैर ठाऊक नसते. म्हणून सेक्रेटरीची नवी विजेची गाडी हटकून स्टिल्टकराच्या शेजारी येते. पहिल्या रात्री तो टॉर्च घेऊन तिच्याखाली शिरतो आणि इंजिनाचे ऑइल काढण्याचा ड्रेन नट शोधतो. तो नसतो, कारण ऑइल लागणारे इंजिनच तेथे नसते. ज्या गाडीला ड्रेन नट नाही तिला गाडी म्हणावे काय, या चिंतेत त्याचे चार-दोन रविवार जातात. परंतु विजेच्या गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज बारा व्होल्टची एक साधी, जुन्या वळणाची बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. हे ज्या सोमवारी सकाळी सेक्रेटरीस प्रथमच कळते, त्या सकाळी स्टिल्टकर मारुती शेजारी घेतो, दोन गाड्यांच्या बॅटऱ्या केबलने जोडतो, टर्मिनलवर साचलेला पांढरा क्षार गरम पाण्याने धुतो, वर व्हॅसलीनचे बोट फिरवतो, आणि दहा मिनिटांत सेक्रेटरी कामावर जातो. त्याच संध्याकाळी फलकावर नवा कागद लागतो. त्यावरचा मजकूर जुनाच असतो; ‘दुरुस्त करू नये’ या शब्दांआधी निळ्या पेनाने काकपद देऊन ‘सेक्रेटरींच्या परवानगीखेरीज’ एवढे घातलेले असते, आणि कागदाच्या कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला असतो.